माणसांवरच्या संशोधनाची एथिक्स मंजुरी: अर्जाच्या आधीपासून शेवटचा फॉर्म फाडेपर्यंत

एथिक्स कमिटीकडून, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडून, परत आलेले प्रस्ताव चाळले की एकच दुखणं पुन्हापुन्हा दिसतं. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलं असतं, ‘सहभागींची ओळख नोंदवली जाणार नाही’. प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत नाव आणि मोबाईल नंबर असतो. संमतीपत्रावर सही असते, आणि भरलेली एक्सेल शीट जाणार असते गाईडच्या जीमेलवर. कमिटी क्वेरी काढते, विद्यार्थी त्या क्वेरीपुरतं एक वाक्य बदलतो, पुढच्या मीटिंगला दुसऱ्या कागदातली विसंगती सापडते. सत्र संपतं तरी मंजुरीचं पत्र हातात येत नाही.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणं. अर्ज सगळ्यांत शेवटी भरायचा. आधी माहिती कोणाकडून घ्यायची, कुठे ठेवायची, कधी नष्ट करायची ते ठरवायचं, त्यावरून संमतीपत्र लिहायचं, मग परवानग्या आणि मग अर्ज. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पुण्यातले एमडी, नर्सिंग, फिजिओथेरपी, मानसशास्त्र, एमएसडब्ल्यू, पीएचडीचे विद्यार्थी आणि वस्त्यांमध्ये आरोग्य सर्वेक्षण करणाऱ्या छोट्या संस्था डोळ्यांसमोर आहेत. नव्या औषधाची चाचणी करायची असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि तो रस्ता वेगळा. तो इथे घेतलेला नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना अभ्यास धरू: चाकण एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या १५० कंत्राटी कामगारांची झोप आणि रक्तदाब. एक प्रश्नावली, दोनदा बीपी, महिन्याभराने एक फोन. दिसायला निरुपद्रवी आहे. अडचणी मात्र यात जवळजवळ सगळ्या येतात.

आधी नियम, थोडक्यात

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हा पाया आहे. आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनही त्यांत येतं, त्यामुळे ‘आम्ही तर फक्त प्रश्न विचारतो’ ही सबब चालत नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या एथिक्स कमिटीला आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करणं भाग पाडलं. तिसरा आणि सगळ्यांत नवा भाग म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संमती, सुरक्षा, माहितीफुटीची सूचना ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. तोवर आरोग्यविषयक माहितीला २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेतच. आज सुरू होणारा पीएचडीचा अभ्यास २०२७ च्या पुढे जाणारच, तेव्हा आराखडा नव्या कायद्याच्या हिशेबानेच करावा.

या कायद्यात संशोधनाला सूट आहे, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. अटी मात्र थोड्यांनीच वाचलेल्या असतात. पहिली अट: त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल कोणताही निर्णय घेतला जाता कामा नये. दुसरी: नियमांच्या परिशिष्टात दिलेले निकष पाळले पाहिजेत, म्हणजे गरजेपुरतीच माहिती, गरजेपुरतेच दिवस, वाजवी सुरक्षा आणि कोणीतरी जबाबदार. आता चाकणच्या अभ्यासात कंत्राटदार म्हणाला, ‘ज्यांचं बीपी जास्त आहे त्यांची यादी द्या, त्यांना रात्रपाळीतून काढतो,’ आणि तुम्ही ती दिली, तर सूट तिथेच संपली. हेतू कितीही चांगला असो. ही यादी पुढे पुन्हा येणार आहे.

शिवाय ही सूट त्या कायद्यापुरतीच आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सहभागीची संमती यांतून तिने सुटका होत नाही.

टप्पा १: अभ्यास कुठल्या खान्यात बसतो ते पाहा

तपासणीचे तीन प्रकार आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण कमिटीची तपासणी. सार्वजनिक उपलब्ध आकडेवारीवरचा अभ्यास सहसा पहिल्यात जातो. ओळख काढून टाकलेले जुने केसपेपर दुसऱ्यात जाऊ शकतात. दुबळ्या स्थितीतले सहभागी, किमानपेक्षा जास्त धोका किंवा सहभागीपासून काही लपवणं असेल तर पूर्ण कमिटी.

इथली नेहमीची चूक म्हणजे सूट स्वतःच जाहीर करून कामाला लागणं. सूट देण्याचा अधिकार कमिटीचा आहे, तेव्हा सूटीसाठीही अर्ज करावाच लागतो.

दुसरी चूक ‘दुबळे’ या शब्दाच्या अर्थाची. लहान मुलं, गरोदर बाया, कैदी एवढेच त्यात येतात असं नाही. ज्याचा नकार त्याला महागात पडू शकतो, तो त्यात येतो: सरांच्या वर्गातला विद्यार्थी, वॉर्डातली शिकाऊ नर्स, कंत्राटदाराच्या हाताखालचा कामगार. आपला नमुना अभ्यास म्हणून पूर्ण कमिटीकडे जाईल.

तिसरी चूक पुण्यात दर जुलैत होते. कॉलेजमध्ये ‘तरुणांमधला ताण’ मोजायला एफवायच्या वर्गात फॉर्म वाटतात. त्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना अजून १८ पूर्ण झालेली नसतात. म्हणजे पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची सहमती, दोन्ही लागतात. सहमतीची रीत वयानुसार बदलते: ७ ते १२ वयाला तोंडी, १२ ते १८ ला लेखी. हा घोळ नको असेल तर निवडीच्या निकषातच ‘१८ वर्षे पूर्ण’ असं लिहा आणि जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेलं वय विचारा.

तपासा: कमिटी खरंच एथिक्स कमिटी आहे ना? आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १५ सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, मीटिंगला किमान ५ जण. कॉलेजातल्या तीन प्राध्यापकांची ‘रिसर्च कमिटी’ ही एथिक्स कमिटी नव्हे. नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत मेंबर सेक्रेटरींच्या कार्यालयातून लिहून घ्या. आपल्या संस्थेत कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे जाता येतं. हा करार आधी होतो, अर्ज नंतर.

टप्पा २: माहितीचा प्रवास कागदावर उतरवा

याला एक पूर्ण दिवस द्या. ए-फोर कागद आडवा धरून पाच रकाने आखा आणि प्रश्नावलीतला प्रत्येक मुद्दा त्यांत बसवा. नमुना अभ्यासाचे चार मुद्दे असे बसतील:

| काय घेणार | कशासाठी | कुठे राहणार | कोण बघणार | कधी नष्ट |
|---|---|---|---|---|
| नाव, सही | संमती | कागदावर, विभागातल्या कुलपाच्या कपाटात | संशोधक, गाईड | कमिटीने सांगितलेली मुदत संपल्यावर |
| मोबाईल नंबर | महिन्याने फोन | कोडयादीत (कोणता कोड कोणाचा ते सांगणारी यादी), वेगळी पासवर्ड असलेली फाइल | फक्त संशोधक | शेवटच्या फोननंतर ३० दिवसांत |
| वय, पाळी, झोपेचे तास | विश्लेषण | कोड क्रमांकासह एक्सेलमध्ये | संशोधक, गाईड, संख्याशास्त्रज्ञ | मुदतीनंतर |
| बीपीचे आकडे | विश्लेषण, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणं | एक्सेलमध्ये कोडसह. एक चिठ्ठी सहभागीच्या हातात | वरीलप्रमाणे | मुदतीनंतर |

दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा प्रश्नावलीतून काढा. आधार क्रमांक, पूर्ण पत्ता, जात, पगाराचा नेमका आकडा हे ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून घुसलेले असतात. आधार क्रमांकाची तर अशा अभ्यासात काहीच गरज नसते.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली, हा मोठा गैरसमज आहे. ४० जणांच्या युनिटमध्ये बाई इलेक्ट्रिशियन एकच असेल, तर ‘स्त्री, ३४, इलेक्ट्रिशियन’ एवढ्यावर तिला कोणीही ओळखेल. वय पाच-पाच वर्षांच्या गटात घ्या, हुद्दे एकत्र करा, आणि तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसांचा गट निघाला तर तो शेजारच्या गटात मिसळा.

कोड क्रमांक दिलेली माहितीही वैयक्तिकच असते, कारण कोडयादी तुमच्याकडे आहे. ती यादी नष्ट केल्याशिवाय प्रोटोकॉलमध्ये ‘अनामिक’ हा शब्द वापरू नका. ‘कोडबद्ध’ म्हणा. या एका शब्दावरून क्वेरी येतात.

आता जागांचा प्रश्न. माहिती बहुतेक वेळा अशा वाटांनी फुटते, ज्या कोणी आखलेल्याच नसतात:

व्हॉट्सॲप. फिल्डवरचा मुलगा भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत जातो, तिथून बॅकअपमध्ये. मग तो परत गोळा करणं कोणाच्याच हातात राहत नाही. प्रशिक्षणात हे स्पष्ट बजावा आणि प्रोटोकॉलमध्येही लिहा.

गुगल फॉर्म. ईमेल गोळा करण्याचं सेटिंग चालू राहिलं तर ‘नाव घेणार नाही’ हे वाक्य खोटं ठरतं. फाइल अपलोडचा प्रश्न टाकला तर उत्तर देणाऱ्याला गुगलमध्ये लॉगिन करावंच लागतं. पहिलं पान संमतीचं ठेवा, ‘नाही’ निवडल्यावर फॉर्म थेट शेवटच्या पानावर गेला पाहिजे. हे स्वतः दुसऱ्या फोनवरून करून बघा.

झेरॉक्सचं दुकान. भरलेले फॉर्म स्कॅन करायला कॉलेजबाहेरच्या दुकानात दिले, की त्या संगणकावर प्रत राहिलीच. स्कॅन विभागातच करा. तसंही कागदावरची माहिती संगणकात गेली की नव्या कायद्याच्या कक्षेत येते. नुसत्या कागदाला तो कायदा लागू नाही.

अकाउंट्स विभाग. ही वाट कोणाच्याच ध्यानात येत नाही. सहभागींना बसभाड्याचे २०० रुपये दिले तर व्हाउचरवर नाव, सही आणि वर अभ्यासाचं शीर्षक. शीर्षकात ‘क्षयरोग’ किंवा ‘नैराश्य’ असेल तर क्लार्कपासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांना कळलं. व्हाउचरवर फक्त प्रकल्प क्रमांक लिहायची मुभा अकाउंट्सकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

टप्पा ३: माहितीपत्रक आणि संमतीपत्र

दोन वेगळे कागद. माहितीपत्रक सहभागीकडे राहतं. संमतीपत्राची एक सही केलेली प्रत तुमच्याकडे, एक त्याच्याकडे. टप्पा दोनच्या तक्त्यात जे आहे तेच इथे साध्या मराठीत यायला हवं, कमी नाही आणि जास्तही नाही.

मराठी संमतीपत्रांची भाषा हा स्वतंत्र आजार आहे. सहसा मजकूर असा असतो:

‘सदर संशोधनामध्ये आपला सहभाग हा पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग संपुष्टात आणू शकता व त्यामुळे आपणास प्राप्त होणाऱ्या सेवांवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.’

रात्रपाळी करून आलेला माणूस हे ऐकून मान डोलावेल आणि सही करेल. हेच असं लिहा:

‘भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. नको वाटलं तर नाही म्हणा. मध्येच थांबायचं असेल तर थांबा, कारण सांगायची गरज नाही. तुम्ही हो म्हणालात की नाही, हे आम्ही तुमच्या सुपरवायझरला किंवा कंत्राटदाराला सांगणार नाही. तुमच्या कामावर याचा काही परिणाम होऊ नये म्हणून आम्ही ही भेट कंपनीच्या गेटबाहेर घेत आहोत.’

दुसऱ्या मजकुरात शेवटचं वाक्य पाहा. संरक्षण कसं होणार हे त्यात सांगितलंय. ‘विपरीत परिणाम होणार नाही’ हे वचन देणं तुमच्या हातात नसतं. जागा बदलणं असतं.

माहितीपत्रकात यायलाच हवं: अभ्यास कशाचा, किती वेळ लागेल, काय करावं लागेल, त्रास काय होऊ शकतो, फायदा असेल तर काय आणि नसेल तर ‘तुम्हाला थेट फायदा नाही’ हे स्पष्ट, माहिती कुठे आणि किती काळ राहील, कोणाला दिली जाईल, पैसे मिळतील का, माघार कशी घ्यायची, आणि दोन संपर्क: संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा. नव्या कायद्यानुसार माघार घेणं संमती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. संमती जागेवर एका सहीने घेतली आणि माघारीसाठी ‘विभागप्रमुखांना लेखी अर्ज करावा’ असं लिहिलं तर ते बसत नाही. एक फोन किंवा मेसेज पुरेसा ठेवा.

बीपीसारखं काही मोजत असाल तर सापडलेल्या दुखण्याचं काय करणार तेही लिहा. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजू, तरी तसाच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायला सांगू आणि चिठ्ठी तुमच्याच हातात देऊ, असं. कोणता दवाखाना, रात्री अकराला तिथे कोण असतं, हे आधी जाऊन पाहिलेलं असावं.

थांबा: ‘तुमची माहिती कोणालाही, कधीही सांगितली जाणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांवरच्या अभ्यासात लैंगिक अत्याचार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ही मर्यादा माहितीपत्रकातच, प्रश्न विचारण्याआधी आली पाहिजे.

भाषांतर फक्त मराठीत करून भागत नाही. चाकणला बिहार, उत्तर प्रदेशातले कामगार आहेत. हडपसरच्या बांधकामावर कन्नड बोलणारी कुटुंबं भेटतील. ज्या भाषेत संमती घेणार त्या भाषेतला कागद मंजूर झालेला हवा. मराठी कागद समोर ठेवून तोंडी हिंदीत सांगणं ग्राह्य धरलं जात नाही. बऱ्याच कमिट्या उलट भाषांतरही (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणणं) मागतात, आणि ते मूळ भाषांतर करणाऱ्यानेच केलं तर त्याचा उपयोग शून्य.

प्रत्येक पानाच्या तळाशी कागदाचं नाव, भाषा, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि ‘पान ३ पैकी १’ असं हवं. क्षुल्लक वाटतं, पण कमिटी मंजुरी देते ती आवृत्तीला. मंजुरीच्या पत्रात आवृत्ती १.१ आणि फिल्डवर १.० च्या उरलेल्या झेरॉक्स वापरल्या, तर त्या संमत्या अडचणीत येतात.

टप्पा ४: परवानग्या

महापालिकेच्या दवाखान्यात बसायचं असेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र, शाळेत मुख्याध्यापकांचं, कंपनीत व्यवस्थापनाचं. चाकण आणि भोसरी शेजारी असली तरी पालिकेचा विषय आला की भोसरी पिंपरी-चिंचवडकडे आणि चाकणला वेगळी नगरपरिषद; पत्र पुणे महापालिकेला लिहून तीन आठवडे घालवणारे भेटतात. दुसऱ्या संस्थेकडून माहिती घेणार किंवा देणार असाल तर करार. परदेशी संस्था किंवा परदेशी पैसा असलेल्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यताही लागते. तिला वेळ लागतो, वेगळा धरा.

परवानगी देणाऱ्याची परवानगी म्हणजे सहभागीची संमती नव्हे. आणि कंपनीला पत्र लिहितानाच एक ओळ टाका: ‘व्यक्तिगत निष्कर्ष किंवा सहभागींची यादी व्यवस्थापनास दिली जाणार नाही, अभ्यासाअंती एकत्रित निष्कर्ष दिले जातील.’ त्यावर त्यांची सही घ्या. जास्त बीपी असलेल्यांची मगाची यादी कोणी मागायला आलं तर हेच पत्र पुढे करता येतं. ही ओळ मान्य नसलेली कंपनी सोडून दुसरी शोधा.

टप्पा ५: अर्जाचा संच

आता फॉर्म उघडा. बहुतेक कमिट्या आयसीएमआरचे सामायिक अर्जनमुने किंवा त्यांवर बेतलेले स्वतःचे वापरतात. संचात सहसा लागतं: कव्हरिंग लेटर, अर्ज, प्रोटोकॉल, माहितीपत्रक आणि संमतीपत्र सर्व भाषांत, प्रश्नावली सर्व भाषांत, सहभागींना बोलावण्याचं पोस्टर किंवा मेसेज, परवानगीपत्रं, बजेट, हितसंबंध जाहीर करणारं पत्र, संशोधक आणि गाईडचे बायोडेटे, वैज्ञानिक तपासणी झाल्याचं पत्र. व्हॉट्सॲपवरून फिरवायचा चार ओळींचा मेसेजही मंजुरीसाठी द्यावा लागतो, हे विसरलं जातं.

सादर करण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरा आणि फक्त पाच गोष्टी प्रत्येक कागदात शोधा: सहभागींची संख्या, भेटींची संख्या, लागणारा वेळ, माहिती ठेवण्याचा काळ आणि ती पाहणारी माणसं. प्रोटोकॉलमध्ये १५०, अर्जात १६०, माहितीपत्रकात ‘सुमारे २००’ असं हमखास सापडतं. हे काम अभ्यासाशी संबंध नसलेल्या मित्राला द्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

वेळेचं गणित असं: पूर्ण कमिटी रोज बसत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी बसते, आणि अजेंड्यावर यायचं तर कागद काही आठवडे आधी लागतात. एक क्वेरी येणारच असं धरून पहिल्या सहभागीच्या आधी तीन महिने हातात ठेवा. दिवाळीच्या आणि परीक्षांच्या तारखा बघून घ्या.

टप्पा ६: क्वेरी आणि मंजुरी

क्वेरीचं उत्तर तक्त्यात द्या: क्वेरी जशीच्या तशी, उत्तर, बदल कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर. आणि एका कागदात केलेला बदल बाकीच्या सर्वांत उतरवा. ‘सूचनेनुसार बदल केला आहे’ एवढंच लिहिलं तर सेक्रेटरींना चाळीस पानं पुन्हा चाळावी लागतात, आणि तुमची फाइल ढिगाच्या तळाशी जाते.

पत्र आल्यावर पाहा: शीर्षक जुळतं का, आवृत्त्यांचे क्रमांक आहेत का, मुदत किती, हजर सदस्यांची यादी आहे का, गाईड कमिटीचा सदस्य असेल तर निर्णयाच्या वेळी तो बाहेर होता अशी नोंद आहे का.

थांबा: मंजुरीआधी गोळा केलेली माहिती नंतर मंजूर करून घेता येत नाही. ‘पायलट होता’ म्हणूनही नाही. खऱ्या माणसांवर प्रश्नावली तपासणं हाही संशोधनाचाच भाग आहे, पायलटचा उल्लेख प्रोटोकॉलमध्ये हवा.

टप्पा ७: सीटीआरआय नोंदणी

तुम्ही सहभागीला काही देत किंवा करायला लावत असाल तर पहिल्या सहभागीच्या आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडियावर नोंदणी करा. फक्त औषधंच त्यात येतात असं नाही. योगासनं, आहार, मानेचे व्यायाम, समुपदेशन, सगळं हस्तक्षेपच आहे. १ एप्रिल २०१८ पासून अभ्यास सुरू झाल्यावर केलेली नोंदणी स्वीकारली जात नाही. नोंदणी फुकट आहे, कमिटीचं पत्र अपलोड करावं लागतं, तिथूनही क्वेरी येतात. चाकणच्या अभ्यासात हस्तक्षेप नाही, त्यामुळे त्याला ही सक्ती नाही.

टप्पा ८: फिल्डवर

संमती घेण्याची जागा आणि वेळ यांवर सगळं अवलंबून आहे. सुपरवायझर चार पावलांवर उभा असताना घेतलेली सही कामाची नाही. पाळी सुटल्यावर बस धरायची घाई असते, तेव्हा माहितीपत्रक आदल्या दिवशी वाटा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. सांगून झाल्यावर दोन प्रश्न करा: ‘नको म्हणालात तर काय होईल?’ आणि ‘तुमची माहिती कोण बघणार?’ उत्तर नीट आलं नाही तर पुन्हा समजावा, सही नंतर.

वाचता न येणाऱ्या सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो पूर्ण वेळ हजर हवा, टीममधला नको, मुकादम तर नकोच. सहभागीचा अंगठा, साक्षीदाराची सही, आणि तारीख ज्याची त्याने घालायची. सगळ्या फॉर्मवर एकाच पेनाने, एकाच अक्षरात तारखा दिसल्या की तपासणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

तपासा, रोज संध्याकाळी: संमतीपत्रांची संख्या आणि भरलेल्या प्रश्नावल्यांची संख्या सारखी आहे का? आवृत्ती बरोबर आहे का? बीपीच्या चिठ्ठ्या दिल्याची नोंद आहे का? संमतीपत्रं आणि प्रश्नावल्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, वेगवेगळ्या पिशवीत परत येतात का? पीएमपीएमएलच्या बसमध्ये एक पिशवी राहिली तरी नाव आणि उत्तरं एकत्र जाऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब.

टप्पा ९: बदल, चुका, अपघात

प्रश्न वाढवायचा आहे, संख्या वाढवायची आहे, नवी कंपनी घ्यायची आहे: आधी दुरुस्तीचा अर्ज, मंजुरी, मग अंमल. मंजूर पद्धत मोडली गेली असेल, उदाहरणार्थ १७ वर्षांचा मुलगा चुकून घेतला गेला, तर ते विचलन म्हणून कळवा. लपवलेलं विचलन ऑडिटमध्ये सापडणं फार महाग पडतं. सहभागीला गंभीर इजा झाली, इस्पितळात दाखल करावं लागलं, तर २४ तासांत कमिटीला.

लॅपटॉप चोरीला गेला किंवा शीट भलत्याच ग्रुपवर गेली तर त्याच दिवशी गाईड, कमिटी आणि संस्थेचा आयटी विभाग यांना लेखी कळवा: काय गेलं, कितीजणांचं, कोडसह की नावासह. नवी कलमं लागू झाल्यावर संस्थेला माहिती संरक्षण मंडळाला लगेच आणि ७२ तासांत तपशीलवार कळवावं लागेल, बाधित माणसांनाही सांगावं लागेल. तुम्ही दोन दिवस घाबरून गप्प बसलात तर त्या ७२ तासांतले ४८ तुम्हीच खाल्लेत. सुरक्षेतल्या कुचराईला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, त्यामुळे संस्था पुढे अशा विलंबाकडे काणाडोळा करतील असं वाटत नाही.

टप्पा १०: बंद करताना

वर्षाकाठी प्रगती अहवाल आणि शेवटी समाप्ती अहवाल द्यायचा असतो. थीसिस जमा झाली की बहुतेक जण कमिटीला विसरतात, आणि फाइल वर्षानुवर्षं ‘चालू’ दिसत राहते. किती जणांना विचारलं, किती नको म्हणाले, किती मध्येच गेले, काय विचलन झालं: दोन पानांत होतं.

कंपनीला कबूल केलेले एकत्रित निष्कर्ष द्या, पण आधी कामगारांना. गेटबाहेर लावता येईल असं एका पानाचं मराठी-हिंदी पत्रक पुरतं. त्यात पाचपेक्षा लहान गटाचा आकडा नको.

कागद किती वर्षं ठेवायचे ते तुमच्या कमिटीच्या नियमावलीत असतं. आयसीएमआरच्या तत्त्वांत कमिटीच्या स्वतःच्या फायलींसाठी किमान ३ वर्षं आणि औषध चाचण्यांसाठी ५ वर्षं सांगितली आहेत. विद्यार्थी पास होऊन निघून जातो, म्हणून कपाटाची किल्ली आणि फाइलचा पासवर्ड कोणाकडे गेला हे हस्तांतराच्या कागदावर, दोघांच्या सहीने लिहा.

मोबाईल नंबरांची यादी मात्र तेवढी थांबत नाही. तक्त्यात ३० दिवस लिहिलेत, तर ३० दिवसांत ती गेली पाहिजे: लॅपटॉपवरून, पेन ड्राइव्हवरून, स्वतःला पाठवलेल्या ईमेलमधून, आणि फोनच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधून, जिथे ती ‘चाकण १’, ‘चाकण २’ अशा नावांनी पडून असते. गुगल ड्राइव्हवर असेल तर डिलीट केल्यावर ट्रॅशही रिकामा करा. नाहीतर तिथे ती आणखी ३० दिवस राहते. काय, कधी, कोणी नष्ट केलं याची एक ओळ लिहून सही करा आणि ती समाप्ती अहवालाला जोडा.